ओला खराटा

३ मार्च
आलो एकदाचे! कंपनीने दोन खोल्या दिल्या आहेत, खिडकीतून प्लँट दिसतो आणि सहा वर्षांच्या चिमीने अंगण आल्या आल्या स्वतःच्या नावावर करून टाकलंय. प्लँटमध्ये लाकडाचा भुसा येतो. तो जाळत नाहीत. बंद भट्टीत कडक वाफ सोडून त्याचा वायू करतात आणि त्यातला हायड्रोजन वेगळा काढतात. बायको म्हणाली, म्हणजे केराचं सोनंच की!

फोरमनकाका पुढे खराटा धरून फेरी मारतात. मला वाटलं, साफसफाईची हौस. हसलो, तेव्हा त्यांनी समजावलं की हायड्रोजनची ज्योत उन्हात दिसत नाही. नळी गळून पेटली असेल तर आधी खराटा पेटतो आणि माणूस वाचतो. चिमीला हे भलतंच आवडलं. संध्याकाळभर ती केरसुणी पुढे धरून घरात फिरत होती.

७ मार्च
खराट्याचं टोक जळलं. काका म्हणतात, फाटकापाशी. तिथे तर एकही नळी नाही, आणि गळती मोजायचं यंत्र शून्य दाखवतंय. भट्टीवाल्याने कानात सांगितलं की माझी नोकरी खरं तर काकांच्या पुतण्याला मिळायची होती. मनात पाल चुकचुकली.

१० मार्च
पुन्हा जळलं. या खेपेस आमच्या घराच्या पायवाटेवर. काका म्हणाले, बायकोपोरीला घेऊन थोडे दिवस गावी जा. माझ्या आधीचा ऑपरेटरही असाच निघून गेला म्हणे. कुठेतरी पाणी मुरतंय. खराटा जाळायला काय, एक काडी पुरते.

१२ मार्च
सगळे खराटे गुपचूप पाण्याच्या टाकीत बुडवले. फेरीचे तेवढे निथळून परत जागेवर ठेवले. आता जाळून दाखवा म्हणावं.

१३ मार्च, सकाळ
एकही टोक जळलं नाही! चोर सापडला. काका म्हणाले, आज खराटा जड लागतोय. दव पडलं असेल, मी म्हणालो.

१३ मार्च, दुपार
काका पायवाटेवर होते. खराटा पुढे. भर उन्हात — आग दिसलीच नाही, नुसता सदरा काळा पडत गेला. गाडीत घालताना शुद्धीवर होते. एवढंच विचारलं, खराटा का पेटला नाही रे?
मी सांगितलं नाही. लाज वाटते. त्याहून भीती.

१४ मार्च
प्लँट बंद. भट्टी गार, नळ्या रिकाम्या. तरी अंगणातलं गवत जळतंय — एक रेघ, दाराच्या दिशेने. सकाळी फाटकाशी होती. आता पायरीपाशी.
चिमी शेजाऱ्यांकडे आहे. तिला आणायला बायको मागच्या दाराने गेली —
बाकीचे खराटे टाकीतून काढायचे राहिलेत —

खिडकीतून दिसतेय. चिमी. एकटीच, पुढच्या बाजूने. खराटा पुढे धरून, हुबेहूब काकांसारखी. ओरडून सांगतेय की बाबा, घाबरू नका, काही पेटत नाहीये —
खराट्यातून पाणी ठिबकतंय —
चिमी, तिथेच थांब, पायरीवर पाय —