गोड केलेला निरोप

प्रिय टिल्लू,

पन्नाशीला टेकलास, पोट सुटलं, तरी माझ्या तोंडी टिल्लूच येणार, इलाज नाही. फोन करायचा सोडून ही बाई पत्रं काय लिहीत बसली, असं म्हणशील. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि घाईत आहे म्हणून ठेवून देतोस. शिवाय माझ्या या दीड खोलीत फोनवर बोललेलं सगळं ठमीला ऐकू जातं. आणि खरं सांगू, तोंडानं खरं बोलायची मला सवयच राहिलेली नाही. कागदावर थोडं जमतं.

तुझी लेक ठमी मजेत आहे. सुट्टीतले बारा दिवस कसे गेले कळलं नाही. उठल्या उठल्या अंथरुणाची घडी घालते, माझ्या चपला जोडीनं दाराशी लावते आणि मी कामावरून आले की आधी माझ्या तोंडाकडे बघते. मग बोलायचं की नाही ते ठरवते. शेजारीण म्हणाली, काय गुणी पोर आहे हो तुमची भाची. मी हो म्हटलं. पण दहा वर्षांच्या पोरीनं इतकं गुणी असू नये रे. तिनं पसारा करावा, हट्ट करावा, आत्याचं डोकं खावं.

तुमचा अबोला चालू आहे हे मला तिनं सांगितलं नाही. तुम्हा दोघांचे फोन वेगवेगळ्या वेळी येतात आणि दोघंही तिलाच विचारता, आई काय म्हणाली, बाबा काय म्हणाले. एका घरात राहणारी माणसं दुसऱ्या गावातल्या पोरीकडून एकमेकांची खबर घेतात, म्हटल्यावर मला कोणी वेगळं सांगायला नको. मागे मी सहज विचारलं होतं तेव्हा तू म्हणालास, ताई, आमच्यात भांडण अजिबात नाही, घर एकदम शांत आहे. तुला खरंच तसं वाटतं, हे मला ठाऊक आहे. तू ज्या घरात वाढलास तिथे शांत याचा अर्थ तोच होता.

तू चार वर्षांचा होतास, मी अकराची. बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, कधी सकाळपाळी, कधी दुसरी पाळी. आई शर्टांच्या कॉलर शिवायच्या कारखान्यात. दोघांचं कशावरून बिनसलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. एवढंच आठवतं की मधल्या दारात मी उभी असायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, बाबांना विचार जेवायला वाढू का. बाबा चार हातांवर बसलेले, त्यांना सगळं ऐकू गेलेलं, तरी मी विचारायचे आणि ते मला सांगायचे, हो म्हणावं. आता हसू येतं. तेव्हा मला त्या कामाचा मानही वाटायचा, माझ्यावाचून घरात पान हलत नाही म्हणून.

खरे निरोप मात्र दोघांपैकी एक घरात नसताना दिले जायचे. ते तिखट असायचे. दुनियेच्या लिफ्टा दुरुस्त करता, घरचा नळ दिसत नाही का, असं आई सांगून जायची. मी बाबांना सांगायचे, आई म्हणाली नळ गळतोय, जमेल तेव्हा बघाल का. बाबा तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे, मी आईला सांगायचे, बाबांचं पोट बरं नव्हतं. कोणी शिकवलं नव्हतं. निरोप जसाच्या तसा दिला की घरातली हवा बिघडते आणि गोड करून दिला की रात्रीचं जेवण धड होतं, एवढं मला समजलं होतं. तू मधे बसून निवांत जेवायचास. तुझं जेवण सुखाचं व्हावं हाही त्यातला एक भाग होता. उपकार म्हणून सांगत नाही.

आता जे लिहिणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आई तुला घेऊन मामाकडे गेली होती, पाच आठवडे, आठवत असेल तर बघ. माझी शाळा होती म्हणून मी मागे राहिले. निघताना तिनं माझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाली, बाबांना सांग, मी परत यायला हवी असेल तर स्वतः न्यायला या, नाहीतर मी समजेन काय समजायचं ते. बाबा कामावरून आले, हातपाय धुतले, आई कुठे म्हणाले. आणि मी सांगितलं, मामाकडे गेलीय, थोडे दिवस राहून येईल. मला वाटलं, खरं सांगितलं तर ते चिडतील आणि मुद्दाम जाणार नाहीत. दर रविवारी ते मला विचारायचे, आई कधी येणार म्हणाली. मी म्हणायचे, येईलच.

शेवटी ती आपली आपणच आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं मला विचारलं, निरोप दिला होतास ना? मी हो म्हटलं. त्यानंतर एकोणीस वर्षं, बाबा जाईपर्यंत, ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. बाबांना वाटत राहिलं, हिला माहेराहून यायचंच नव्हतं. तुला आईनं मोठेपणी सांगितलं की हा माणूस साधं न्यायलाही आला नाही, आणि तू ते धरून बसलास. त्यांच्या शेवटच्या आजारपणात दोनदा आलास, दोन्ही वेळा तासभर. ते विचारायचे, टिल्लू का येत नाही. मी सांगायचे, त्याला रजा मिळत नाही. त्या माणसाचा गुन्हा नव्हता रे. आई होती तोवर मला हे बोलायचा धीर झाला नाही, आणि ती गेल्यावर दीड वर्ष मी नुसतीच पुढे ढकलत आले. तुझा राग आला तर तो रास्त आहे.

मी दमलेय, टिल्लू. तीस वर्षं दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत बसून डॉक्टर येतीलच, बेड मिळेलच, सगळं ठीक होईल, असं सांगतेय. साहेब म्हणतात, तुमच्या खिडकीवर कधी तक्रार नाही. कशी असेल? समोरच्याला काय ऐकायचंय ते मला तो तोंड उघडायच्या आधी कळतं. मला स्वतःला काय हवं ते मात्र कधीच कळलं नाही. एका भल्या माणसानं चार वर्षं वाट पाहून मला हेच सांगितलं होतं आणि तो गेला. तू वेगळा झालास. तुला आवाज चढला की पळ काढावासा वाटतो आणि बोलणं थांबलं की बरं वाटतं. एकाच ताटात जेवलो आपण.

काल दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना ठमीनं मला विचारलं, आत्या, कुणाचा निरोप थोडासा बदलून सांगितला तर ते खोटं धरतात का? मी घडी बाजूला ठेवली. हळूहळू काढून घेतलं तिच्याकडून. दोन आठवड्यांपूर्वी, इकडे यायच्या आधी, तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, बाबांना सांग, महिनाअखेरपर्यंत स्वतः येऊन माझ्याशी बोलले तर ठीक, नाहीतर मी बँकेत बदलीचा अर्ज देतेय आणि तुला घेऊन जातेय. तुला पोरीनं काय सांगितलं ते आठव. आईला सध्या खूप काम आहे, महिना संपला की निवांत बोलू म्हणाली. आज एकोणीस तारीख आहे. पत्र कुरिअरनं पाठवतेय, उद्या हातात पडेल. ठमीला रागावू नकोस, ती तुम्हा दोघांना सांभाळतेय. तिला खरंखोटं विचारूही नकोस. तू घाबरशील, काय बोलावं ते सुचणार नाही, तरी ऊठ आणि ठमीच्या आईकडे जा. तिकडे तुझ्या बायकोची समजूत झालीय की तिचा निरोप तुला जसाच्या तसा मिळाला, आणि तो ऐकूनही तू गप्प बसलायस.

तुझीच,
ताई