नाडी अठ्ठेचाळीस

३ जून १९७४
डॉ. मित्रांनी छातीचा फोटो उजेडाला धरून पाहिला. मग म्हणाले, हृदय मोठं झालंय. वीस वर्षं गंगेत लांब लांब पोहलात त्यामुळे, की आजारामुळे, हे फोटोवरून कळत नाही. तीन महिने पोहणं बंद. सप्टेंबरात परत फोटो काढू. आकार कमी झाला तर पोहण्यामुळे, काळजी नाही. नाही झाला तर... आणि चिठ्ठी लिहायला लागले. नाडी ४२. ही नाडी मी आजवर शाळेच्या स्टाफरूममध्ये पदकासारखी मिरवत आलो!

९ जून
सहा दिवस कोरडे. हात शिवशिवतात. फळा पुसताना खांद्यापासून हात फिरवतो, पोरं हसतात. संध्याकाळी उगाच सियालदह स्टेशनपर्यंत पायी गेलो, गर्दीचे धक्के खाऊन परत आलो. ही म्हणते, "जरा एका जागी बसा हो." बसलो. पाच मिनिटं. मग हिच्यावरच चिडलो.

३० जून
नाडी ५०. डॉक्टर खूश होतील. मला मात्र रडू आलं. मूर्खपणा, दुसरं काय.

७ जुलै
आमच्या लेकीची, शुभाची, पोहण्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली. २५ ऑगस्ट, गंगेत सात तास! तिच्या क्लबचे शचीनदा संदेश मिठाईचा पुडा घेऊन घरी. "दादा, आपनार मेये तो माछ!" तुमची पोरगी म्हणजे मासाच, म्हणे! पोरगी सोळाची, म्हणून फॉर्मवर माझी सही हवी. सहाव्या वर्षी तिला पाण्यात मीच उतरवलं होतं. आणि माझा फोटो सप्टेंबरात, म्हणजे उत्तर मिळणार ते स्पर्धेनंतर.
जेवताना तिने घड्याळ लावून स्वतःची नाडी मोजली. "बाबा, अठ्ठेचाळीस! तुमच्याजवळ पोचले मी." केवढी खूश. ही वाढता वाढता थांबली, माझ्याकडे बघत राहिली. मी आमटी मागितली.

२१ जुलै
डॉ. मित्रांना विचारलं, माझा आजारच निघाला तर तो शुभालाही असेल का. "घेऊन या, तिचाही फोटो काढू." मोठं दिसलं तर? "तर स्पर्धेचं सर्टिफिकेट मी देणार नाही."
घरी काही बोललो नाही. सोळाव्या वर्षी माझा असा फोटो कुणी काढला असता, तर त्याला जन्मात माफ केलं नसतं. सही अजून केलेली नाही. शुभा रोज विचारते. रोज काहीतरी थाप मारतो.

४ ऑगस्ट
शुभा क्लबच्या तलावावर पोहून आली. जिन्यात कठडा धरून उभी, डोळे मिटलेले. मी वरून पाहिलं.
"काही नाही बाबा, ऊन लागलं."
सकाळपासून आभाळ भरलेलं. मीही वर्षभर हिला असंच काहीबाही सांगत होतो, चक्कर आली की. भीती वाटते. माझ्यासाठी नव्हे.

५ ऑगस्ट
हिला सगळं सांगितलं. जिन्यातलंसुद्धा. "स्वतःचं लपवलंत तेवढं पुरे झालं," म्हणाली.

६ ऑगस्ट
शुभाला फोटोसाठी घेऊन गेलो. फोटो होईपर्यंत तलावावर जायचं नाही, असं तिला सकाळीच बजावलं. नंबर लागणार तोच लोडशेडिंग. तासभर घामाघूम बसलो, मशीन बंदच. उद्या अकराला या म्हणाले.
परत येताना ट्राममध्ये शुभा म्हणाली, "फोटोत मोठं आलं तर थांबवणार मला?"
"हो."
"आणि तुम्हाला आजोबांनी थांबवलं असतं तर?"
खोटं बोलता आलं असतं. म्हणालो, "चोरून गेलो असतो."
ती उठून लेडीज सीटवर जाऊन बसली. आमचा स्टॉप येईपर्यंत वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर नीट जेवली, आईशी बोललीसुद्धा. मला जरा बरं वाटलं.
उद्या अकराला परत जायचं. तलावाचं फाटक सकाळी सहाला उघडतं. आत्ताच ही विचारून गेली, शुभाचा पोहण्याचा पोशाख दोरीवर नाही, तुम्ही काढून ठेवलात का?
मी नाही काढला.