सदुसष्टावं मत

१ मे, वॉशिंग्टन
आजपासून रोजनिशी. इतिहास घडणार असेल तर कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि सिनेटच्या परराष्ट्र समितीत माझ्याइतका मुरलेला कर्मचारी दुसरा नाही. युनोचा समुद्र कायद्याचा करार यंदा मंजूर होणार. म्हणजे होणारच. जवळजवळ सगळं जग त्यात आहे, आपणच तेवढे फुगून बाहेर बसलोय. नौदल बाजूने, तेलवाले बाजूने, देवमासे वाचवणारेसुद्धा बाजूने. विरोधात कोण, तर ज्यांनी तो वाचलेला नाही ते. शंभर सिनेटरांपैकी सदुसष्टांची मतं लागतात. माझ्या हिशेबाने आहेत.

बायकोला, लॉर्नाला सांगितलं, मतदान झालं की राजीनामा आणि थेट मेन राज्यात. तिच्या वडिलांच्या घरी, समुद्रासमोर. ती म्हणाली, वेन्डेल, धाकटी शाळेत जायला लागली तेव्हाही तू हेच म्हणाला होतास, आता तिची मुलगी शाळेत जाते. मी म्हटलं, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती.

२३ मे
सुनावणी झकास. सिनेटर प्रुएट हे विरोधकांचे म्होरके, पण आज आमच्या समितीच्या अध्यक्षांना तीनदा 'माझे परम आदरणीय मित्र' म्हणाले. शेवटी म्हणाले, या करारावर मी अत्यंत गांभीर्याने विचार करीन. बाहेर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून लॉर्नाच्या टोमॅटोंची चौकशी केली. एवढ्या मोठ्या माणसाला टोमॅटो लक्षात! त्यांचं नाव माझ्या मतांच्या यादीत 'अनुकूल' मध्ये टाकलं. पेन्सिलीने, पण टाकलं.

समोरच्या टेबलावरच्या बेआट्रिसबाई हसल्या. म्हणाल्या, अहो, या इमारतीत 'विचार करीन' म्हणजे नाही. आणि 'गांभीर्याने' म्हणजे मेलो तरी नाही. इतकी वर्षं झाली, तुम्हाला कळू नये? बाई हुशार आहेत, पण स्वभाव कडू.

४ जुलै, मेन
सुट्टीसाठी आलोय. मेव्हणा एव्हरेट समुद्रात पिंजरे टाकून शेवंडी पकडतो. गाडीच्या मागे युनोविरुद्ध स्टिकर लावून फिरतो. जेवताना म्हणाला, भावोजी, ते युनोवाले माझे पिंजरे मोजायला येणार म्हणे, त्यांच्यासाठीही कणसं भाजू का? सगळे हसले. मी त्याला करार पहिल्या कलमापासून समजावला. कणसं गार झाली. तो म्हणाला, बरं झालं सांगितलंत, आधी नुसता संशय होता.

घराचं छप्पर गळतंय. एव्हरेटचं म्हणणं, या हिवाळ्यात कुणीतरी इथे राहायला हवं, नाहीतर विकून टाका. लॉर्ना संध्याकाळभर पायरीवर बसून होती. मग विचारलं तिने, मतदान होवो न होवो, सप्टेंबरला येशील का इथे? मी म्हटलं, गांभीर्याने विचार करीन.

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. बरं वाटलं.

१६ जुलै, वॉशिंग्टन
चौतीस सिनेटरांनी जाहीर केलं की करार आला तर ते विरोधात मत देतील. करार अडवायला तेवढे पुरतात. प्रुएटसाहेबही त्यांत आहेत. बेआट्रिसबाईंनी खालच्या कँटीनमधून घेवड्याचं सूप आणून माझ्यापुढे ठेवलं. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

तरी जाहीर करणं वेगळं आणि मत देणं वेगळं. संध्याकाळी प्रुएटसाहेब जिन्यात भेटले. म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आहेत हे देशाचं भाग्य. टोमॅटोंचं विचारलं. दार अजून किलकिलं आहे. नाव खोडलेलं नाही.

३ सप्टेंबर
लॉर्ना मेनला गेली. कुत्रा नेला, बिडाचा तवा नेला. मी म्हटलं, नोव्हेंबरची निवडणूक होऊ दे, गणित बदलेल. ती म्हणाली, निवडणूक दर दोन वर्षांनी येते, वेन्डेल. मी नाही येणार.

तात्पुरती व्यवस्था आहे. छपरासाठी. टोमॅटोंना पाणी घालायला सांगून गेलीय. रोज सकाळी घालायचं ठरवलं.

१९ सप्टेंबर
टोमॅटो वाळले. या वर्षी ऊन फार आहे. शिवाय अधिवेशनाची गडबड.

घरात पाऊल टाकलं की मी अजूनही कुत्र्याला हाक मारतो. मग आठवतं.

७ नोव्हेंबर
निवडणूक झाली. गणित फारसं बदललं नाही. समितीचे अध्यक्ष म्हणाले, यंदा करार मतदानाला आणत नाही. मी म्हटलं, हरकत नाही, कारण एक गोष्ट लोक विसरतात. काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली की विधेयकं मरतात, करार मरत नाही. तो समितीकडे परत येतो आणि पडून राहतो. बेआट्रिसबाई म्हणाल्या, तुमच्यासारखाच. मग स्वतःच ओशाळल्या, माझा हात थोपटला.

जेवण केलं नाही. भूक नव्हती.

१८ नोव्हेंबर, रविवार
गुरुवारी थँक्सगिव्हिंग. इतक्या वर्षांत आम्ही हा सण एकमेकांवाचून केलेला नाही. लॉर्नाला फोन केला. छप्पर एव्हरेटने नीट केलं. गावच्या वाचनालयात तिला काम मिळालंय. धाकटी येणार आहे, मुलीला घेऊन. लॉर्नाचा आवाज चांगला होता. माझ्याशी बोलताना तो इतका चांगला कधी होता, आठवेना.

मी म्हटलं, जानेवारीत राजीनामा देतो. करार राहू दे. मी येऊ का? गुरुवारी, आणि मग कायमचाच?

तिच्या मागे समुद्र ऐकू येत होता. मग ती फार सौजन्याने बोलली. आधी माझे आभार मानले. म्हणाली, तुझ्या प्रस्तावावर मी अत्यंत गांभीर्याने विचार करीन. आणि मग विचारलं, टोमॅटो कसे आहेत?

छान आहेत, म्हटलं.

फोन ठेवला. मग टेबलाशी येऊन लॉर्नाचं नाव 'अनुकूल' मध्ये लिहिलं. पेन्सिलीने.