टिल्सनचं चित्र आणि सुलेखाचं गंध

मी, नीलांबरी गुरुदत्त तळपदे, वय चौऱ्याहत्तर, राहणार वेस्ट विंडसर, न्यू जर्सी, पूर्ण शुद्धीत आणि तितक्याच रागात, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचं रद्द समजावं. ते मुलाची लाज वाटायला लागण्यापूर्वी केलेलं होतं.

१. राहतं घर मुलगा शंतनू याला. तळमजल्यावरची खोली माझी नणंद सुलेखा हिची, ती हयात असेपर्यंत. ती कोण, हे शंतनू विसरतो म्हणून लिहिते: त्याच्या वडिलांची सख्खी धाकटी बहीण.

२. बँकेतली शिल्लक सुलेखा आणि नात सिया यांना निम्मी निम्मी.

३. अ‍ॅबनर टिल्सन या चित्रकारावरची माझी टिपणं आणि भिंग, मी जिथे नोकरी केली त्या म्युझियमला. १८३०च्या सुमारास हा माणूस हातगाडीवर रंग घालून शेतघरं फिरायचा आणि जेवणखाण व अंथरुणाच्या बदल्यात चेहरे काढायचा. हात त्याला कधीच जमले नाहीत. त्याच्या चित्रांतल्या सगळ्या बायका शालीत हात लपवून बसलेल्या. घरातलं मूल गेलं की त्याला बोलावणं यायचं. मिटलेले डोळे तो उघडे रंगवायचा. आणि जेवायला त्याला नोकरांच्या पंगतीला बसवत. हे कळलं तेव्हा मी त्या शेतकऱ्यांवर फार संतापले होते. आपल्या घरात असं होत नाही, अशी माझी समजूत होती.

४. दिवाणखान्यातलं टिल्सनचं चित्र सुलेखाला. घर घेतलं तेव्हा जुन्या मालकिणीने ते भिंतीवर तसंच ठेवलं होतं.

"वहिनी, ही मुलगी कोण?" सुलेखाने चित्राकडे बघत विचारलं. सहाव्या वर्षी वारलेली मुलगी, असं मी सांगितलं. "मग हिला कोणी गंध लावत नाही?"

पितृपक्षात तिने लावलं. आपल्या फोटोंना काच असते, या चित्राला नव्हती. तिचं चुकलं ते एवढंच. शंतनूने किचनमधल्या ओल्या वाइपने खसाखसा पुसलं. गंधाबरोबर मुलीची डावी भुवई गेली.

पुढच्या आठवड्यात त्याने चित्राची किंमत करायला माणूस बोलावला. त्या माणसाने भुवईकडे बोट दाखवलं. शंतनू म्हणाला, "ओह, दॅट वॉज अवर मेड."

सुलेखा चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होती. तिला तेवढं इंग्रजी येतं. तिने त्या माणसाला विचारलं, "शुगर?"

"शी इज हिज आंट," मी म्हणाले. तो माणूस कपात बघत राहिला. तो गेल्यावर शंतनू म्हणाला, "आई, रिलॅक्स ना यार! तो काय परत येणार आहे?"

ज्याला एवढ्या कष्टाने वाढवलं, त्याचं हे वाक्य. तेव्हापासून सुलेखाच्या हातचा चहा मी मान वर करून घेऊ शकलेले नाही. ती मात्र साखर बरोबर घालते.

भुवई दुरुस्त करू नये. चित्र ठेवायचं की विकायचं, ते सुलेखा ठरवील. शंतनूने मत देऊ नये.

५. तो चहाचा ट्रे शंतनूला. पाहुण्यांपुढे त्याने तो स्वतः न्यावा.

६. माझ्यामागे माझा फोटो लावाल. काच घालावी. गंध सुलेखा लावील. त्या वेळी घरात जो कोणी असेल, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात शंतनूने सांगावं: "ही माझी आत्या."

इंग्रजीत सांगितलं तरी चालेल.

नीलांबरी गुरुदत्त तळपदे
वेस्ट विंडसर, ६ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:
१. नेत्रा अधिकारी
२. कॅरल डनिंग, शेजारीण. तिला मजकूर इंग्रजीत सांगितला. ऐकून तिने पेन मागितलं.