मागच्या दाराची काच

मंगळवार, संध्याकाळ. रेजिना, कॅनडा.

ऑफिसातून आले तर मागच्या दाराची काच फुटलेली. किचनभर चिखलाच्या बुटांचे ठसे, सरळ बेसमेंटकडे गेलेले. माझी ईरा शाळेतून येऊन खालीच बसते. हाका मारल्या, उत्तर नाही. पोलिसांना फोन लावत तशीच खाली धावले. बाहेर थांबायला हवं होतं का? पण कशी थांबणार? वॉशरूमचं दार आतून बंद. एरवी इंग्लिशशिवाय न बोलणारी माझी पोर आतून कुजबुजली, "आई, तू एकटीच आहेस ना?"

चोर लॅपटॉप घेऊन पळाला होता. जाऊ दे तो. पोलीस पाहून गेल्यावर ठसे पुसले, तरी मला दिसतातच. नवरा म्हणाला, "उद्या कुलूप बदलू." ईराने विचारलं, "मग आज कोण जागं राहणार?"

मी म्हटलं, "मी."