जावयासाठी ठेवलेला मासा

२४ मे
वादळ येणार म्हणे! वाटीत बर्फ जमवला, वर नाणं ठेवलं, वाटी पुन्हा बर्फाच्या कप्प्यात. आमचे हे दर वादळाआधी असंच करायचे — "नाणं बुडालं की समज, बर्फ वितळून पुन्हा जमलाय. मग तो मासा कुणाच्या पानात वाढायचा नाही."
इलिश मासा तिथेच आहे. गेल्या पावसाळ्यात ह्यांनी आणला, महिन्याभरात स्वतः गेले. पुडक्याच्या सुतळीची गाठ अजून त्यांच्याच हातची. जमाईषष्ठीला जावयाला बोलावून जेवू घालायचं; ही त्याची पहिलीच, तेव्हाच गाठ सोडायची.

२६ मे
रात्रीपासून वीज नाही.

२८ मे
अजून नाही. दुपारी डोळा लागला. घरात नदी शिरलेली, ऊनसुद्धा हिरवं. हे फ्रीजचं दार धरून उभे, आतून इलिश एकेक पोहत बाहेर पडतायत. "जाऊ दे गं," म्हणाले. जागी झाले तर सगळं गप्प. दार उघडलं नाही. उघडलं की उरलासुरला गारवा जातो. आणि वाटलं, हेही जातील.

३० मे
काल संध्याकाळी वीज आली! सकाळी मासा दगडासारखा घट्ट!
पण नाणं तळाशी.
शेजारच्या मालोतीदीनं नाक लावलं. "वास कुठाय? मोहरी वाट भरपूर. जावयाला काय कळतंय!"
मोह झाला. खोटं कशाला लिहू? पण मी विधवा, मासा तोंडाला लावायचा नाही. स्वतः चाखून न बघता लेकीच्या नवऱ्याला वाढू?

३१ मे
लिंबाखाली पुरला. गाठ सोडली नाही. खूप रडले.

१ जून
जावई आला, शुभोमय. मनगटाला पिवळा दोरा बांधला, ताडाच्या पंख्यानं वारा घातला. आणि पानात काय, तर अंड्याचं कालवण! लाजेनं मेले. सगळं सांगून टाकलं.
तो खो खो हसला. "मा, मला काटे काढता येतात कुठे? बाबांना ठाऊक होतं!"
मग हसू आवरलं. "तो माझ्यासाठी नव्हताच, मा. बाबा म्हणाले होते — मी गेल्यावर तुझी सासू मासे सोडेल. षष्ठीला हट्ट धर, गाभोळी तिच्या पानात वाढ. जावयाचा शब्द ती मोडणार नाही."

२ जून
बाजारात गेले. लहानसाच मिळाला, गाभोळी नव्हती. तळला. काटे काढायला हात विसरले नव्हते.