ताईने लिहून दिलेले अर्थ

दि. ३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रिसेप्शनच्या जागेसाठी दोघींचेही अर्ज, आणि कंपनीच्या दोन्ही हॉटेलांत मिळून जागा एकच! साहेब म्हणाले, आता बहिणी-बहिणींत जुंपणार. मी म्हटलं, आमचं तसं नाही.

इंग्रजीची तोंडी परीक्षा घेणार आहेत, आणि माझं घोडं अडलंय त्या फ्रेझल व्हर्ब्जपाशी. ‘कॉल’ कळतो, ‘ऑफ’ कळतो, पण दोघं एकत्र आले की वेगळाच संसार थाटतात. पुस्तक आहे, पण तू सांगितलंस की डोक्यात पक्कं बसतं. वीस लिहून पाठवलेत, समोर अर्थ लिही ना. भावोजींचा खोकला कसा आहे?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी धाकटी

दि. ८ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

खोकला बरा आहे. मी बरी नाही. अकरा वर्षं मी लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालतेय, तुला डायनिंग हॉलमध्ये लागून दोन वर्षं नाहीत. तरी तू तोंड उघडलंस की साहेबलोक माना डोलावणार. लहानपणी पाहुणे आले की कविता म्हणायला तुलाच पुढे करायचे, चहा मात्र मी करायचा. जळते गं मी, खोटं कशाला बोलू!

असो. अर्थ लिहिलेत. ‘कॉल ऑफ’ म्हणजे फोन करून कळवणे. पुस्तक उघडू नकोस, उगाच गोंधळ होईल.

तब्येत सांभाळ.
ताई

दि. २९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जागा तुला मिळाली! अभिनंदन! दोन दिवस रडले, आता पेढे हवेत.

मी तोंडी परीक्षेत आपटले. साहेब गिऱ्हाईक झाले आणि म्हणाले, बुकिंग कॉल ऑफ करायचंय. मी म्हटलं, जरूर, संध्याकाळी फोन करून कळवते. सगळे खो खो हसले. पुस्तकात ‘रद्द करणे’ दिलंय, मी पाहिलं होतं गं. पण वाटलं, छापणाऱ्याचं चुकलं असेल, ताईचं कसं चुकेल? आता काउंटरवर तुझी फजिती नको, म्हणून लगेच कळवते.

लोभ कमी करू नकोस.
तुझी धाकटी

दि. २ जुलै

धाकटे,

मला बरोबर अर्थ माहीत होता. वीसपैकी सहा मी मुद्दाम चुकवले. पाकीट पेटीत टाकताना मला काही म्हणता काही वाटलं नाही.

पंधरा तारखेला रुजू व्हायचंय, तोवर तुझं उत्तर येईल. साहेबांना अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगतेय. तू म्हणशील तसं करीन. आणि खरं सांगू? तू ‘राहू दे ताई’ म्हणावंस, असं मला अजूनही वाटतंय.

आशीर्वाद लिहायची हिंमत नाही.
ताई